शिळ्या बातमीचे शास्त्र

तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या पुराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने क्षेत्र म्हणून येरवडा निवडावे, याला भौगोलिक कारण आहे. बंडगार्डनच्या पुलावरून मुळा-मुठा ओलांडली की थोडक्या अंतरात एक मध्यवर्ती कारागृह, एक प्रादेशिक मनोरुग्णालय, संस्कृत, भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांना वाहिलेले डेक्कन कॉलेज आणि काचेच्या भिंतींची माहिती-तंत्रज्ञान संकुले अशा चार प्रकारच्या संस्था 411006 या एकाच पिनकोडात नांदताना दिसतात. माणसाच्या डोक्यात किती माहिती शिरू द्यावी, या प्रश्नाची त्यांपैकी तिघांनी तीन उत्तरे दिली आहेत: कारागृहात ती सहसा शिरू दिली जात नाही, संकुलात ती अडवता येत नाही आणि डेक्कन कॉलेजात ती चिठ्ठीवर उतरवून खणात ठेवली जाते. चौथ्या संस्थेवरून पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या जे विनोद करत आले आहेत ते तेथील रुग्णांवर अन्याय करणारे आहेत. त्यांचे दुखणे खरे असते, बातम्या वाचणाऱ्याने आपले दुखणे दरमहा रिचार्ज करून विकत घेतलेले असते.

माहितीचा अतिभार म्हणजे समोर येणाऱ्या माहितीचा ओघ ती पचवण्याच्या ताकदीपेक्षा मोठा होणे. आल्विन टॉफ्लर या अमेरिकी लेखकाच्या 'फ्यूचर शॉक' या 1970 मधील पुस्तकामुळे ही कल्पना सर्वतोमुखी झाली आणि पुढच्याच वर्षी हर्बर्ट सायमन यांनी असा मुद्दा मांडला की माहिती मुबलक झाली की ती ज्याच्यावर पोसली जाते ते अवधान, म्हणजे एका वेळी एका गोष्टीवर मन ठेवण्याची शक्ती, दुर्मिळ होत जाते. हा विचार मांडला गेला तेव्हा संगणक खोली व्यापून बसत असे आणि तो हातात धरून स्वच्छतागृहात नेण्याची सोय नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे सायमन यांच्या दूरदृष्टीचे विशेष कौतुक वाटते. पुढे 1978 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अवधानाला काहीच मिळाले नाही.

जेल रोडच्या परिसरात कॉमरझोनसारख्या संकुलात नोकरी करणारा अभियंता हा या विवेचनाचा नायक होय. तो कोणी एक माणूस नसून एक प्रकार आहे, आणि प्रकाराला नाव देण्याची गरज नसते. या प्रकाराच्या झोपेचे गणित कॅलिफोर्नियात ठरते, कारण तेथील कंपन्या आपली नवी उत्पादने साधारणपणे सकाळी 10 वाजता जाहीर करतात आणि त्या वेळी येरवड्यात रात्रीचे साडेदहा, किंवा ऋतुमानाप्रमाणे साडेअकरा, वाजलेले असतात. त्यामुळे सज्जन माणसे दाराला कडी घालून अंथरुणावर पडतात तेव्हा हा एका गोऱ्या गृहस्थाला काळ्या टी-शर्टात रंगमंचावर येरझाऱ्या घालताना पाहत असतो, आणि सकाळी उठल्यावर जे स्वतः पाहिले त्याचेच वृत्तांत निरनिराळ्या ठिकाणी वाचून आपण पाहिले ते बरोबर पाहिले ना याची खात्री करून घेतो. मेट्रोने येताना बंडगार्डन स्थानक सुटल्यापासून येरवडा स्थानक येईपर्यंत, म्हणजे गाडी नदी ओलांडते तेवढ्या वेळात, त्याचा अंगठा खालून वर एकसारखा सरकत असतो आणि नदी त्याला दिसत नाही. नदी आता पाहण्यासारखी राहिलेली नाही हा मुद्दा वेगळा.

अंगठ्याच्या या हालचालीमागे जी रचना आहे तिला अनंत स्क्रोल म्हणतात, म्हणजे पानाचा तळ कधीच येऊ न देण्याची व्यवस्था: वाचक तळाशी पोहोचतो आहे असे दिसताच खाली आणखी मजकूर जोडला जातो. छापील वर्तमानपत्राला शेवटचे पान असे, त्यावर खेळाच्या बातम्या असत, त्या संपल्या की पेपर संपे आणि वाचक आंघोळीला जाई. शिवाय त्या पेपराची रद्दी होई आणि ती महिन्याअखेरीस किलोच्या भावाने विकली जाई, त्यामुळे न वाचलेल्या अग्रलेखाबद्दलही घरात चार पैसे येत. मोबाईलवरील बातमीची रद्दी होत नाही, ती जागच्या जागी शिळी होते आणि तिच्यावर ताजी बातमी येऊन बसते. केसरी 1881 मध्ये सुरू झाला तो साप्ताहिक म्हणून. त्याच्या वाचकाला आठवडाभर थांबावे लागे आणि तरीही तो वाचक मागासलेला राहिला अशी तक्रार इतिहासकारांनी केल्याचे आढळत नाही.

बातम्या इतक्या होतात कशा, हे पाहण्यासारखे आहे, कारण घटना त्या मानाने फारच थोड्या असतात. समजा, एका कंपनीने एक फोन काढला. ही एक घटना झाली. परंतु फोन निघण्याच्या कित्येक महिने आधी त्याचे अस्पष्ट चित्र कोणाच्या तरी हाती लागते. याला लीक म्हणतात आणि ते बहुधा नेमके त्याच कंपन्यांचे होते ज्यांना ते झालेले चालते. मग त्या चित्रावरून फोनचा रंग कोणता असेल याची चर्चा होते, ती चर्चा खोटी असल्याची बातमी येते, ती बातमी खोटी असल्याचे दुसरे चित्र येते. पुढे कंपनी काही निवडक पत्रकारांना फोन आधीच देते, पण ठरलेल्या घटकेपूर्वी त्यावर एक शब्दही लिहायचा नाही अशी अट घालते. या अटीचे नाव एम्बार्गो, आणि ती घटका उलटताच सर्वत्र एकाच क्षणी एकाच आशयाचे लेख उगवतात. त्यानंतर भारतातील किंमत, बँकेच्या कार्डावरील सवलत, पहिल्या विक्रीत माल संपल्याची वार्ता, बॅटरी तापत असल्याची तक्रार, ती तक्रार दूर करणारी सुधारणा आणि त्या सुधारणेमुळे बिघडलेला कॅमेरा अशी मजल-दरमजल करत प्रकरण पुढील फोनच्या पहिल्या लीकपर्यंत पोहोचते. बारशापासून तेराव्यापर्यंतचे सर्व विधी येथे पार पडतात. मधले आयुष्य तेवढे नसते.

या वाचनाचा नायकाच्या पोटापाण्याशी काही संबंध असता तर तेही समजण्यासारखे होते. वस्तुस्थिती अशी की त्याचा दिवस बहुधा एखाद्या परदेशी बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या जुन्या प्रणालीची डागडुजी करण्यात जातो. प्रणाली म्हणजे एकमेकांवर विसंबलेल्या आज्ञावल्यांचा संच, आणि बँकांच्या प्रणालीत आजही कोबॉल ही 1959 मध्ये जन्मलेली संगणकभाषा जिवंत आहे. कोणाच्या वाट्याला तरुण भाषा आलीच तर ती 1995 ची जावा असते आणि तिचीही जुनी आवृत्ती, कारण नवी आवृत्ती वापरण्याला ग्राहकाची परवानगी नसते. तात्पर्य, पुंजसंगणक, म्हणजे अणुपरमाणूंच्या सूक्ष्म पातळीवरील नियमांवर चालणारा प्रायोगिक संगणक, याची इत्थंभूत वार्ता ठेवणारा हा माणूस सकाळी 10 ते रात्री 8 या वेळात आपल्या जन्मापूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेली ओळ का लिहिली असावी याचा शोध घेत बसतो. त्या जुन्या आवृत्तीसोबत एक माहितीपत्रक आलेले असते आणि ते वाचले तर त्याचे अर्धे काम हलके होईल. परंतु ते जुने असल्यामुळे बातमी ठरत नाही, आणि बातमी नसल्यामुळे ते कोणी वाचत नाही.

घरी या व्यासंगाला मान असतो. नातेवाइकांत तो तज्ज्ञ समजला जातो आणि त्यामुळेच त्याची फजिती होते. मावशी साधा प्रश्न विचारते, "अरे, वीस हजारांत चांगला फोन कोणता मिळेल?" यावर तो प्रोसेसर, पडद्याचा रिफ्रेश रेट आणि कॅमेऱ्याचा सेन्सर यांवर सविस्तर बोलतो, मावशी वाटीतले दाणे सोलत ऐकून घेते, आणि शेवटी तो म्हणतो, "पण मावशी, आत्ता घेऊ नकोस, पुढच्या महिन्यात नवीन येतोय." हा सल्ला बारमाही खरा असतो, कारण पुढच्या महिन्यात नवीन काहीतरी येतच असते. मावशी दुसऱ्या दिवशी गुंजन चौकातल्या दुकानात जाते, हातात नीट बसणारा लाल रंगाचा फोन घेते आणि तो कित्येक वर्षे विनातक्रार वापरते. ज्ञान आणि निर्णय यांचे नाते व्यस्त प्रमाणाचे असावे अशी शंका घेण्यास येथे जागा आहे.

या विकारावर झालेल्या उपायांचा इतिहास हा विकाराच्या वाढीचाच इतिहास आहे. पहिला नावाजलेला उपाय म्हणजे आरएसएस, 1999 मध्ये पुढे आलेली अशी एक पद्धत की जिच्यामुळे निरनिराळ्या ठिकाणचा नवा मजकूर वाचकाकडे आपसूक चालत येतो. अनेक ठिकाणी जाण्याचे श्रम वाचले. परंतु जे पूर्वी न गेल्यामुळे कळत नसे ते आता बसल्या जागी कळू लागले, आणि न वाचलेल्या मजकुराचा आकडा ठळक अक्षरांत समोर उभा राहू लागला. गूगलने 2005 मध्ये रीडर नावाची सोय काढून ही पद्धत लोकप्रिय केली आणि 1 जुलै 2013 रोजी ती बंद केली. बंद होणार असल्याची बातमी अनेकांना त्या रीडरमध्येच वाचायला मिळाली असणार. पुढे ईमेलने येणारी न्यूजलेटरे आली, म्हणजे कोणीतरी सगळे वाचून आपल्यासाठी निवडक तेवढे पाठवायचे. ही योजना उत्तम होती, फक्त निवड करणारे इतके झाले की त्यांच्यातून निवड करणारा आणखी एक नेमावा लागला. ज्यांना एवढेही वाचवेना त्यांनी खूण करून ठेवण्याचा मार्ग धरला. 'नंतर वाचू' या धर्तीचा हा कप्पा अनेक ब्राउझरांत असतो आणि त्यात गेलेला लेख परत आल्याचे उदाहरण क्वचितच सापडते.

30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि लांब मजकुराचा सारांश यंत्राकडून करून घेण्याचा उपाय हाती आला. हा उपाय निर्णायक ठरायचा, परंतु सारांश करणाऱ्या यंत्रांविषयीच्या बातम्या इतक्या येऊ लागल्या की त्यांचा सारांश करण्यासाठी दुसरे यंत्र लागावे. शिवाय ज्या यंत्राने लांब लेख आखूड होतो त्याच यंत्राने आखूड बातमी लांब करता येते, हे बातम्या देणाऱ्यांच्याही ध्यानात आले. तेव्हा आता एका टोकाला यंत्र चार ओळींचा लेख करते, दुसऱ्या टोकाला यंत्र लेखाच्या चार ओळी करते आणि वीज मात्र दोन्हीकडची खर्च होते. या यंत्रांच्या पोटात ज्या एन्व्हिडिया कंपनीच्या चिप मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात, तिचे एक कार्यालय याच जेल रोडच्या परिसरात आहे. रोग आणि औषध एका पिनकोडात असण्याचे येरवड्यातील हे काही पहिले उदाहरण नव्हे.

याउलट ज्याला तंत्रज्ञानाचे ज्ञान आहे पण तंत्रज्ञानाच्या बातम्यांचे नाही, असा एक वर्ग याच वस्तीत रस्त्याला लागून बसलेला आढळतो, आणि तो म्हणजे मोबाईल दुरुस्त करणारा. त्याच्या काउंटरवर नवा फोन येत नाही. येतो तो फुटलेल्या डिस्प्लेचा, फुगलेल्या बॅटरीचा, सैल झालेल्या चार्जिंग जॅकचा. त्यामुळे कोणत्या कंपनीचा दावा किती टिकला हे त्याला पुराव्यासह ठाऊक असते. एखाद्या फोनविषयी त्याचे मत विचारले तर तो दोनपैकी एक उत्तर देतो, "घेऊ नका" किंवा "चालतो". समीक्षेच्या शास्त्रात इतकी नेमकी परिभाषा क्वचितच आढळते.

बातमी चुकली तर माणूस मागे पडेल, ही भीती या सर्व उपद्व्यापाच्या मुळाशी आहे. म्हणून ती कितपत खरी आहे हे एका उदाहरणावर तपासणे योग्य ठरेल. भारतातील सामान्य माणसाच्या रोजच्या व्यवहारात गेल्या काही वर्षांत मोठा पालट कशाने झाला असेल तर तो यूपीआयने, म्हणजे मोबाईलवरून एका बँकखात्यातून दुसऱ्या बँकखात्यात तत्काळ पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेने. तिचे उद्घाटन एप्रिल 2016 मध्ये झाले. ज्यांनी ती बातमी वाचली ते आणि ज्यांनी वाचली नाही ते, दोघेही आज भाजीवाल्या मावशींच्या टोपलीत उभ्या केलेल्या त्याच चौकोनी काळ्या ठिपक्यांच्या पाटीपुढे फोन धरून उभे असतात, आणि "आले का पैसे?" या प्रश्नाला मावशींच्या बाजूचे छोटे यंत्र मोठ्याने उत्तर देते. जे खरोखर येणार असते ते मेथीच्या जुडीपर्यंत येते. तेथपर्यंत जे पोहोचत नाही त्याची वार्ता आगाऊ ठेवून कोणाचे भले झाले, हे शोधावे लागेल.

सुरुवातीला सांगितलेल्या तीन उत्तरांपैकी कारागृहाचे उत्तर सर्वांत जुने आणि सर्वांत कठोर आहे. 1922 ते 1924 या येरवड्याच्या पहिल्या कारावासात महात्मा गांधींना वृत्तपत्रे मिळत नव्हती, आणि त्याच मुदतीत त्यांनी दीडशेच्या आसपास पुस्तके वाचली. 1930 मध्ये ते पुन्हा येथे आले तेव्हा या जागेला त्यांनी 'येरवडा मंदिर' म्हटले आणि आश्रमवासीयांना दर मंगळवारी सकाळी एक पत्र लिहिले. सत्य, अहिंसा, अस्तेय असे एकेक व्रत घेऊन लिहिलेली ती पत्रे 'मंगलप्रभात' या नावाने ओळखली जातात. आजच्या परिभाषेत ते साप्ताहिक न्यूजलेटरच होते, फरक एवढाच की त्यात सांगितलेल्या गोष्टी पुढच्या मंगळवारी कालबाह्य होत नव्हत्या. येरवड्याच्या नावाने प्रसिद्ध झालेले यंत्रही त्याच दशकातले आहे: 'येरवडा चक्र', म्हणजे पेटीत घडी होऊन बसणारा, कोठेही नेता येणारा चरखा. त्याची पेटी आजही तशीच उघडते आणि मिटते. नव्या यंत्राच्या भरवशाविषयी आणखी एक नोंद येथे करता येईल. येरवड्याचे कैदी असतानाच 12 जानेवारी 1924 रोजी गांधींवर ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. त्या रात्री वादळात वीज गेली, मग हातातली विजेरीही मालवली आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पूर्ण करण्यात आली. कंदिलाच्या नव्या आवृत्तीची घोषणा तेव्हा कोणी ऐकलेली नव्हती.

26 जानेवारी 2021 रोजी येरवड्यात कारागृह पर्यटन सुरू झाले. शाळेच्या मुलांना 5, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना 10 आणि इतरांना 50 रुपये असे शुल्क ठेवण्यात आले आणि आत जाताना मोबाईल बाहेर ठेवण्याचा नियम करण्यात आला. काही काळ फोनविना राहण्यासाठी शहरातील लोक डोंगरावरच्या विश्रामगृहांना किती पैसे मोजतात हे पाहता 50 रुपयांचा हा दर माफकच म्हणावा लागेल. मात्र येथे मुक्काम वाढवण्यासाठी स्वतंत्र पात्रता लागते.

भिंत घालणे हा उपाय सर्वांना परवडणारा नसल्याने डेक्कन कॉलेजचा मार्ग अधिक अभ्यसनीय ठरतो. 1821 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या पाठशाळेशी नाते सांगणारे आणि 1868 पासून येरवड्याच्या वास्तूत असलेले हे विद्यापीठ एकेकाळी टिळक आणि आगरकर यांचे महाविद्यालय होते. तेथे 1948 मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतचा एक महाकोश ऐतिहासिक तत्त्वांवर रचण्याचा प्रकल्प हाती घेतला. ऐतिहासिक तत्त्व म्हणजे असे की शब्दाचा अर्थ नुसता सांगून भागत नाही, तो अर्थ कोणत्या ग्रंथात प्रथम आला आणि पुढे काळाच्या ओघात कसकसा बदलला हे अवतरणांसह कालक्रमाने दाखवावे लागते. त्यासाठी ऋग्वेदापासून इ. स. 1850 पर्यंतचे सुमारे 1500 ग्रंथ निवडले गेले. या मालिकेच्या अखेरच्या टोकाला 'हास्यार्णव' या प्रहसनाचे नाव सांगितले जाते, यावरून संपादकांना आपल्या कामाची पूर्ण कल्पना असावी. शब्द वेचण्याचे काम 1973 पर्यंत, म्हणजे पाव शतक, चालले आणि सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमा होऊन धातूच्या कपाटांच्या खणांत लागल्या. पहिला भाग 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीसहून अधिक भाग निघाले आणि हजारो पाने छापून झाली, तरी कोश 'अ' या पहिल्या अक्षरातच आहे.

या गतीची थट्टा करणे सोपे आहे आणि पुण्यात ती पुरेशी झालेली आहे. परंतु माहितीच्या अतिभाराशी झालेला येरवड्यातील सर्वांत मोठा सामना हाच होय, आणि त्यात कोणालाही धाप लागलेली दिसत नाही. एक कोटी चिठ्ठ्यांपुढे बसलेला संपादक आज कोणती चिठ्ठी पाहायची राहिली म्हणून रात्री दचकून उठत नाही, कारण चिठ्ठी खणात आहे, खणाला क्रम आहे, आणि शब्द कोठे पळून जाणार नाही. हीच शिस्त तंत्रज्ञानाच्या बातमीला लावून पाहावी. बातमी आली की तारीख, कंपनीचे नाव आणि तिने केलेला दावा एवढे एका चिठ्ठीवर लिहावे, चिठ्ठी खणात टाकावी आणि वर्ष उलटल्याशिवाय खण उघडू नये. असे कोणी केले असते तर 2011 चे गूगल प्लस, जे 2019 मध्ये बंद झाले, 2013 मध्ये मोजक्या डोळ्यांवर चढलेला आणि 2015 च्या जानेवारीत विक्रीतून उतरलेला गूगलचा चष्मा, आणि 2021 मध्ये फेसबुक कंपनीने ज्याच्यासाठी स्वतःचे नाव बदलले ते आभासी विश्व, या सर्वांवर खर्च झालेले कित्येक रात्रींचे जागरण तीन चिठ्ठ्यांत आटोपले असते. खणात ज्या थोड्या चिठ्ठ्या वर्षानंतरही खऱ्या उरतील, त्यांतला मजकूर तोपर्यंत दुरुस्तीवाल्याने किंवा भाजीवाल्या मावशींनी सांगितलेला असेलच.

या पद्धतीला खर्च नाही. चिठ्ठ्यांसाठी घरातल्या पाठकोऱ्या कागदांचे तुकडे पुरतात आणि खणाच्या जागी चपलांचे रिकामे खोके चालते; त्यासाठी सर्वांत चांगले ॲप कोणते, याची चौकशी वाचकांनी कृपया करू नये.